प्रतुनामला आई पुढे गेली

बँकॉकमध्ये पहिल्या दिवशी आम्ही टॅक्सीने राजवाड्याकडे निघालो, ती चूकच झाली. सुखुमवितवरच्या आमच्या हॉटेलपासून तिथे पोहोचायला जवळजवळ दोन तास लागले, आणि त्यातला बराचसा वेळ एकाच सिग्नलचे उलटे मोजले जाणारे आकडे पाहण्यात गेला. राजवाडा, वाट फो हे मंदिर आणि नदीपलीकडचे वाट अरुण मंदिर ही तिन्ही ठिकाणे आम्ही त्याच दिवशी घाईघाईने उरकली. वाट फोमधील ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धापेक्षा आई रमली ती त्याच्या पाठीमागे ओळीने मांडलेल्या १०८ भांड्यांमध्ये. प्रत्येकात एकेक नाणे टाकत ती इतक्या सावकाश पुढे सरकत होती की मागची रांग तिला ओलांडून जाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीचे नाव काढायचे नाही असे ठरवून आम्ही सेन सेप कालव्याकडे वळलो. हा कालवा थाई राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत, १८३७ मध्ये, कंबोडियाच्या बाजूला सैन्य आणि रसद नेण्यासाठी खोदायला घेतला होता. आज त्यातून कचेरीला जाणारी माणसे प्रवासी होड्यांनी जातात. आम्ही गेलो तेव्हा भाडे दहा-वीस बाहतच्या घरात होते, आणि वाटेत सिग्नल एकही नाही. पाणी काळे आहे, वासही येतो, हे मान्य करूनही माझ्या मते ते शहर पाहायला याहून चांगली बैठक नाही, कारण घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे आणि कुंड्यांतली मिरचीची रोपे रस्त्यावरून दिसतच नाहीत. आसोकच्या धक्क्यावरची पाटी वाचून, हा आपला अशोकच की, असे आई म्हणाली.

ही होडी थांबते म्हणजे धक्क्याच्या टायरांना घासते. हेल्मेट घातलेला माणूस खुंट्याला दोराचा वेढा देतो, उतरणारे उतरतात, चढणारे काठ ओलांडून आत पाय टाकतात आणि दहा-पंधरा सेकंदांत दोर सुटतो. आसोकला मी आईचा हात धरून तिला चढवले. प्रतुनामला मात्र सगळ्यांना होडी बदलावी लागते, आणि तिथे माझी बुद्धी फिरली. अडुसष्ट वर्षांची, गुडघ्यांची तक्रार असलेली आपली आई इतक्या सराईतपणे चढते आहे, हे घरच्यांना दाखवावे म्हणून मी दोन पावले मागे सरून चित्रीकरण करू लागले.

ते चित्रीकरण अजून माझ्याकडे आहे, अकरा सेकंदांचे. त्यात आईची पाठ दिसते, तिचे मनगट पकडणारा हेल्मेटवाल्याचा हात दिसतो, मग माझ्यासमोर दोन माणसे घुसतात, आणि ती बाजूला होईपर्यंत धक्का व होडी यांच्यामध्ये वीतभर, हातभर, मग पुरुषभर काळे पाणी पसरलेले असते. शेवटी नुसते धक्क्याचे लाकूड आहे, कारण तोवर मी ओरडायला लागले होते.

आईजवळ पैसे नव्हते, थाई सिमकार्ड नव्हते आणि हॉटेलचे नावही तिला सांगता आले नसते. सुदैवाने ती होडी फान फाच्या धक्क्यापर्यंतच जाते आणि तिथे सगळेच उतरतात. हे मला ठाऊक होते, आईला नव्हते. पुढची होडी चार-पाच मिनिटांत आली असावी, पण खात्रीने सांगवत नाही. वाटेतल्या धक्क्याचे नाव हुआ चांग म्हणजे हत्तीचे डोके, तिथल्या पुलावर हत्तींची मस्तके कोरलेली आहेत, हे सगळे मी आदल्या रात्री वाचून ठेवले होते. प्रत्यक्षात मी त्या पुलाखालून प्रत्येक धक्क्यावर साडी शोधत गेले.

फान फाला आई बाकावर बसून पेरू खात होती. शेजारी गळ्यात कचेरीचे ओळखपत्र अडकवलेली एक तरुणी उभी होती आणि तिच्या हातात तिखट, मीठ व साखर यांच्या मिश्रणाची लहानशी पुडी होती. आईचे भाडे तिनेच भरले होते, आणि कोणीतरी घ्यायला येईल हे ओळखून ती थांबून राहिली होती. मी पुढे केलेली नोट तिने दोन्ही हातांनी परत सारली, घड्याळाकडे पाहिले आणि अक्षरशः धावत निघून गेली. तिचे नाव विचारायचेही मला सुचले नाही.

“पेरूला तिखटमीठ लावतात, पण साखर कशाला घालतात कुणास ठाऊक,” आई म्हणाली. त्यानंतर, “तू कुठे राहिली होतीस?”

मी खरे कारण सांगितले. त्यावर ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागले. जवळच्याच सुवर्णगिरी या मंदिराच्या टेकडीच्या तीनशेहून अधिक पायऱ्या मी एकटीने चढले; वरून शहर कसे दिसले ते मला फारसे आठवत नाही, कारण मी खालच्या झाडाखाली बसलेली आई दिसते का तेच पाहत होते.

परतीला टॅक्सी करू म्हटले तर तिने ऐकले नाही. होडीत काठाशी बसून, समोरून दुसरी होडी आली की पाणी उडू नये म्हणून निळा पडदा वर ओढायची दोरी तिने आपल्याकडे घेतली आणि प्रतुनामपर्यंत सोडली नाही. धक्का जवळ येताच ती उठली, दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि म्हणाली, “आधी तो फोन पर्समध्ये टाक.”