शंभर बैठका नकोत, सहाच द्या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्न साधारण असा असतो: "तुम्ही एवढं लांब धावता, मग स्ट्रेंथ, म्हणजे ताकदीचे व्यायाम, कधी करता? आम्हाला जिमला जायला वेळ नाही, घरात डंबेल नाही की बँड नाही. नुसत्या अंगाच्या वजनावर काही होतं का?"

होतं. माझं गेली काही वर्षं तसंच चाललंय. पण विचारणारे बहुतेक जण लगेच पुढचं वाक्य टाकतात, "मी रोज शंभर बैठका मारतो, तेवढं पुरे ना?" आणि तिथे मला जरा सावरून बसावं लागतं. कारण तो उद्योग मीही केलेला आहे.

लांब पल्ल्याच्या माणसांना रेटायची सवय असते. धावणारे, सायकलवाले, पोहणारे, सगळे त्यात सारखेच. आमच्या हातात काहीही द्या, आम्ही त्याची मॅरेथॉन करून टाकतो. मी शंभर बैठका सुरू केल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरत होते. दुसऱ्या आठवड्यात दुखणं गेलं. तिसऱ्या आठवड्यापासून शंभर बैठका म्हणजे दात घासण्यातला प्रकार झाला. मग दीडशे केल्या, मग दोनशे. वहीतले आकडे फुगत गेले आणि मी खूश. चढावर मात्र पाय जिथल्या तिथे.

जरा हिशेब करा. तासभर धावलं की ढोबळमानाने दहा हजार पावलं पडतात, म्हणजे एकेका पायावर पाच हजार वेळा अंग येतं. प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा धक्का आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो, आणि तो त्या क्षणी एकच पाय झेलतो. दोन पायांवरच्या बैठकीत तोच पाय जेमतेम अर्धं अंग उचलतो. पाच हजार मोठे धक्के खाल्लेल्या पायाला शंभर छोट्या उचलण्या देऊन त्याला नवीन काय कळणार? दमणं त्याला आधीच येतं. त्याला कमी पडतो तो जोर, एका वेळेला लावायचा.

हे नुसतं माझं मत नाही. फिनलंडमधल्या संशोधकांचा १९९९ सालचा एक अभ्यास या विषयात नेहमी निघतो. धावपटूंच्या एका गटाचा साधारण एक तृतीयांश सराव काढून त्या जागी त्यांनी छोट्या स्प्रिंट, उड्या आणि हलकं वजन वेगाने ढकलण्याचे व्यायाम दिले. नऊ आठवड्यांनी या गटाची ५ किलोमीटरची वेळ सुधारली. गंमत अशी की त्यांचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, वाढलेलाच नव्हता. त्याच वेगाने धावायला त्यांना कमी ऑक्सिजन लागायला लागला होता. आपण धावणारे ज्याला इकॉनॉमी म्हणतो ती हीच.

तर माझा नियम असा: सहा ते आठ रेप्समध्ये, म्हणजे सलग तितक्या वेळा केल्यावर, पाय "आता बास" म्हणायला हवा. फार तर आणखी दोन निघतील, अशा ठिकाणी थांबायचं. वीस निघत असतील तर व्यायाम सोपा आहे, तो अवघड करायचा. आकडा वाढवायचा नाही.

अवघड करायला सामान लागतंच असं नाही. सगळ्यात स्वस्त वजन म्हणजे दुसरा पाय उचलून घेणं. खुर्चीसमोर उभं राहा, एक पाय पुढे धरा आणि दुसऱ्यावर हळूहळू बसा. तीन मोजत खाली, टेकल्यासारखं करून क्षणभर थांबा, मग त्याच पायावर उठा. शेवटच्या चार बोटांत धपकन बसलात तर तेवढी ताकद अजून यायची आहे असं समजा. उंच खुर्ची घ्या किंवा खाली दोन उशा ठेवा. आरशासमोर केलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल, गुडघा हळूच आत वळतोय. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात, दमल्यावर, तो तसाच वळत असतो, फक्त तेव्हा आपल्याला दिसत नाही.

हे जमलं की मागचा पाय खुर्चीवर ठेवून पुढच्यावर खाली जायचं. तेही सोपं झालं की पाठीला सॅक. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशेब ठेवायला पाण्यासारखं काही नाही. पुस्तकंही चालतात, पण ती सॅकमध्ये एका बाजूला सरकतात आणि मग आपणही.

पण माझं डोकं खरं ठिकाणावर आणलं ते पायरीने.

झालं असं की डाव्या टाचेच्या मागे, अकिलीसमध्ये, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरेत, दुखणं सुरू झालं, आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा-वीस पावलं काठीसारखी पडायला लागली. थोडं चाललं की सुटायचं, म्हणून मी दोन महिने काणाडोळा केला. शेवटी फिजिओकडे गेले. मला वाटलं, यंत्रबिंत्र लावतील. त्यांनी भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "दोन बोटं भिंतीला, एका पायावर टाच पूर्ण वर, गुडघा सरळ. जमेल तितक्या वेळा." उजव्या पायाने बावीस झाल्या. डाव्याने अकरा. बाराव्याला गुडघा वाकला, बोटं भिंतीत रुतली आणि टाच जेमतेम दोन बोटं उचलली गेली. "ही धरायची नाही," ते म्हणाले. मी हाफ मॅरेथॉन धावणारी बाई, आणि स्वतःच्याच वजनाला बाराव्या वेळी उचलू शकले नाही. साधारण पंचवीस निघाल्या तर ठीक मानतात, हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी नक्की लबाडी केली असती.

त्यांनी दिलेला व्यायाम स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन या अस्थिशल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखला जातो. १९९८ साली त्यांनी अकिलीसच्या जुन्या दुखण्याने धावणं अडलेल्या पंधरा जणांना पायरीवर उभं केलं होतं. दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या पायाने हळूहळू टाच पायरीच्या खाली सोडायची. पंधराचे तीन सेट, म्हणजे पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे रोज एकशे ऐंशी. सोपं झालं की सॅकमध्ये वजन. ते सगळे पुन्हा धावायला लागले.

तुम्ही म्हणाल, आत्ताच तर शंभरला नावं ठेवलीत. बरोबर आहे. तो दुखण्यावरचा उपचार होता, आणि त्यातही वजन वाढवत नेणं होतंच. दुखत नसेल तर तेवढ्यांची गरज नाही. मी आता आठवड्यातून दोनदा करते, सॅक घालून, आठ-दहाचे तीन सेट.

गुडघा वाकवायची भानगड कशाला, तर पोटरीत मोठे स्नायू दोन. वरचा, आपल्याला फुगलेला दिसतो तो, गुडघ्याच्या वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो ढिला पडतो. मग काम करावं लागतं ते त्याच्याखालच्या सपाट सोलिअसला. लांब धावताना सगळ्यात जास्त ओझं वाहणाऱ्या स्नायूंत हा सोलिअस येतो, आणि बिचाऱ्याचं नाव बहुतेकांना दुखल्यावरच कळतं. दोन्ही प्रकार करा.

करताना पायाच्या बोटांमागचा उंचवटा पायरीच्या कडेवर ठेवा, टाच हवेत. वर जाताना पाऊल करंगळीकडे कलंडतं. वजन अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. वर पोचल्यावर एक क्षण थांबा, तीन मोजत खाली या. झोका घेतलात की पोटरीचं काम कंडरा फुकट करून देते आणि तुम्हाला उगीच वाटतं की तीस झाल्या. दुखणं टाचेच्या अगदी हाडापाशी, कंडरा चिकटते तिथे असेल, तर पायरीच्या खाली टाच सोडू नका, सपाट जमिनीवरच करा. दुखणं जुनं असेल तर मला विचारू नका, फिजिओला विचारा.

मांडीच्या मागच्या बाजूचं लवकर सांगते. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पाठीवर झोपा, कंबर उचला आणि टाचा हळूहळू पुढे सरकवत पाय लांब करा. पहिल्याच दिवशी पेटके आले तर घाबरू नका, मलाही आले होते. प्लँकबद्दल, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून राहण्याबद्दल, सगळेच विचारतात, किती मिनिटं? मी अर्ध्या मिनिटाच्या वर धरत नाही. सोपा वाटला की कुशीवर वळते आणि वरचा पाय उचलते. पाच मिनिटं प्लँक धरणं हा वेगळा खेळ आहे, त्यालाही माझा नमस्कार. जोर मारायचे तर नेहमीच्या जोरात हातांवर अंगाचं सुमारे दोन तृतीयांश वजन येतं. पाय खुर्चीवर घेतले की आणखी.

उड्या विसरू नका. गुडघे फार न वाकवता, नुसत्या घोट्यांवर स्प्रिंगसारख्या वीस उड्या, मिनिटभर विश्रांती, पुन्हा वीस. पाय जमिनीला लागल्याबरोबर सुटला पाहिजे. सायकलवाल्यांना आणि पोहणाऱ्यांना तर हे आणखी हवं, कारण त्यांच्या खेळात हाडांना धक्काच बसत नाही आणि हाड धक्क्यावाचून घट्ट राहत नाही. दुखरा अकिलीस असेल त्यांनी मात्र उड्या नंतर, आधी पायरी.

घरात एक गोष्ट खरंच अडते, ती म्हणजे ओढण्याचे व्यायाम. लोंबकळायला बार नसेल तर भक्कम टेबलाखाली झोपून त्याची कड धरून छाती वर ओढता येते. टेबल भक्कम आहे हे आधी तपासा. मी तपासलं नव्हतं. पोहणाऱ्यांनी खुशाल बार आणावा, तिथे माझं घरगुती तत्त्वज्ञान पुरत नाही.

आता भीतीचे प्रश्न. "पाय जड होतील, वेग जाईल." अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये तीन गट करून दहा आठवडे पाहिलं: फक्त ताकद, फक्त दमसास, आणि दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचा दमसास व्हायचा तेवढा वाढला. अडली ती त्यांची ताकद. सात-आठ आठवड्यांनंतर ती वाढायची थांबली, शेवटी जरा उतरलीही. म्हणजे काळजी करायचीच तर वजनं उचलणाऱ्यांनी करावी, आपण नाही. त्यातही ती माणसं आठवड्यातून पाच दिवस ताकद आणि सहा दिवस दमसास करत होती. आपलं दोनदा पंचवीस मिनिटांचं काम. आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर धावणाऱ्याच्या मांड्या फुगून विजार फाटेल ही शक्यता मला तरी फार दिसत नाही.

वार कुठले? माझे मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी सकाळी वेगाचं धावणं असतं, त्याच संध्याकाळी हे. लोक उलटं करतात, आरामाच्या दिवशी स्ट्रेंथ टाकतात, आणि मग आठवड्यात एकही दिवस पाय मोकळे राहत नाहीत. शुक्रवारी सेट कमी, कारण नव्या व्यायामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं आणि रविवारी लांब पल्ला असतो. शर्यतीला दोन आठवडे उरले असताना यातलं काहीही नव्याने सुरू करू नका. शेवटच्या आठवड्यात मी फक्त उड्या आणि एखादा सेट ठेवते.

फरक कधी दिसतो? मला साधारण दहाव्या आठवड्यात दिसला, आणि तोही धावताना नाही. जड पिशवी घेऊन तीन जिने चढले आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की कठड्याला हात लागलेला नाही. वेळेत फरक पडला तो नंतर, थोडाच, आणि त्यातला किती याचा आणि किती नीट झोपण्याचा, ते मला सांगता येणार नाही.

परवा भिंतीसमोर टाचा पुन्हा मोजल्या. उजवा सत्तावीस, डावा तेवीस. म्हणून प्रत्येक व्यायामाची सुरुवात डाव्याने करते, आणि डाव्याच्या जितक्या होतील तितक्याच उजव्याच्या.