कमाटीबागेतले पाच तास

पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दर जुलैत ग्रंथालय-परिचयाच्या तासाला येतात. पूर्वी मी त्यांना ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची, कसा वापरायचा, पुस्तकावरचा क्रमांक कसा वाचायचा एवढे दाखवून मोकळी होत असे. गेली काही वर्षे मात्र आपल्याच शहरात घडलेल्या एका प्रसंगावरचे तीन छापील कागद त्यांच्या हाती देते आणि यांपैकी कशावर विश्वास ठेवाल, असे विचारते.

प्रसंग बडोद्यात सर्वांना ठाऊक आहे. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेले आंबेडकर करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये इथे आले, राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. पहिला कागद एका संकेतस्थळावरचा आणि दुसरा मोबाइलवर फिरणारा. दोहोंतही वडाचे झाड, त्याखाली काढलेली रात्र आणि अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प आहे. तिसरा कागद ‘वेटिंग फॉर अ व्हिजा’ या आंबेडकरांच्या स्वतःच्या टिपणातला. त्यात ते लिहितात, की मुंबईची गाडी रात्री नऊची होती, मधले पाच तास कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले आणि त्या वेळी आईवडिलांची आठवण झाली. तिथे झाडाचा उल्लेख नाही.

मूळ साधन हाती असताना ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, असे सांगून मी तास संपवीत असे, आणि खरे सांगायचे तर हा पाठ चांगला जमला आहे असे मला वाटे. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, आमचे आजोबा दर २३ सप्टेंबरला आम्हांला त्या वडापाशी घेऊन जायचे. मग ते खोटे सांगत होते का?” मी काहीतरी पुटपुटले आणि तेवढ्यात घंटा झाली.

घरी जाताना लक्षात आले, की पुरावा तपासायला शिकवण्याच्या नादात मी एका आजोबांना वर्गासमोर खोटे पाडले होते. १९१७ मध्ये त्या बागेत नेमके काय घडले, यासाठी ते टिपण हाच भक्कम आधार आहे, यात मला आजही शंका नाही. परंतु त्या दिवसाचे पुढे लोकांनी काय केले, तो दिवस वस्त्यांमधून कसा सांगितला गेला, या प्रश्नासाठी आजोबा हेच मूळ साधन आहेत, आणि आमच्या एकाही रॅकवर ते नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने २०१५ मध्ये माहिती साक्षरतेचा जो आराखडा मांडला, त्यात साधनाचा अधिकार, म्हणजे त्याच्या शब्दाला असलेले वजन, हा घडवलेला आणि संदर्भावर अवलंबून असतो, असे सूत्र आहे. ते मी प्रशिक्षणात पाठ केले होते, पण त्याचा अर्थ त्या मुलीने शिकवला.

पुढच्या आठवड्यात ती पुस्तके शोधायला आली. तिने गायकवाड हे सयाजीरावांचे आडनाव रोमन लिपीत टंकले आणि पडद्यावर शून्य आले. राजघराण्याच्या इंग्रजी लेखनात त्या नावात ‘ई’ येतो, तर हेच आडनाव लावणारे बहुतेक लोक ‘आय’ लिहितात. तिला वाटले, आपल्यालाच शोधता येत नाही. मी तिला आमच्या जुन्या नोंदी उघडून दाखवल्या. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने विषयशीर्षकांतून ‘अस्पृश्य’ या अर्थाचा इंग्रजी शब्द हटवून ‘दलित’ आणला, तरी आमच्याकडे तो तसाच बसलेला आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात २२० ते २८० ख्रिस्ती धर्मासाठी आहेत आणि उरलेले सारे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने कोंबलेले आहेत, हेही सांगितले. तिने शांतपणे विचारले, “म्हणजे शून्य माझे नव्हते?”

याच शहरात १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभी केली आणि पुस्तके लाकडी पेट्यांत बसून गावोगाव जाऊ लागली. सात वर्षांनी त्याच संस्थानच्या एका विद्वान अधिकाऱ्याला याच शहरात एक खोली मिळाली नाही. हल्ली या दोन्ही गोष्टी मी एकाच तासात सांगते. वेळ पुरत नाही, मग पुस्तकावरचा क्रमांक वाचायला शिकवणे राहून जाते, आणि विभागप्रमुखांची त्याबद्दलची नाराजी अगदीच गैर नाही.

त्या मुलीने आजोबांकडून ऐकलेले सारे एका दोनशे पानी वहीत लिहून आणले आहे. दाखल नोंदवहीत प्रकाशक, विक्रेता आणि किंमत हे रकाने भरावे लागतात. मी तिन्हींत आडवी रेघ ओढली आणि वहीला क्रमांक दिला. लेखकाच्या रकान्यात कोणाचे नाव घालावे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तिला आजोबांचे हवे आहे, मला दोघांचे.