वाचलेले सगळे लक्षात राहते का?

“एवढे वाचता, पण ते सगळे लक्षात राहते का?” हा प्रश्न मला इतक्या वेगवेगळ्या माणसांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते. थोडक्यात सांगायचे तर नाही, राहत नाही. वाचलेल्यातले बहुतेक विसरले जाते, आणि जे राहते ते मी ठरवून राखलेले असते असेही नाही. परंतु विचारणाऱ्याला बहुधा माझ्या स्मरणशक्तीची चौकशी करायची नसते. गेल्या वर्षी आवडीने वाचलेल्या पुस्तकाबद्दल आज धड चार वाक्ये सांगता येत नाहीत, मग तो सगळा वेळ वाया गेला की काय, ही त्याची स्वतःची रुखरुख त्या प्रश्नामागे असते. ती रुखरुख माझ्या परिचयाची आहे आणि तिला एका शब्दात वाटेला लावणे मला बरे वाटत नाही.

विसरण्यालाही एक क्रम असतो. कादंबरीतल्या दुय्यम पात्रांची नावे सर्वांत आधी जातात. मग घटनांची गुंफण सैल होते. पत्र आधी आले की माणूस आधी घर सोडून गेला, याची खात्री उरत नाही. पुढे कधीतरी शेवटही जातो, आणि ज्या शेवटाने एके काळी रात्रभर झोप लागू दिली नव्हती तोच आता आठवत नाही, हे कळल्यावर माणूस चरकतो. मागे उरते ते निराळेच असते. एखाद्या पात्राची बोलता बोलता मध्येच थांबण्याची लकब उरते, दोन माणसांमधला अबोला लेखकाने किती पाने ताणून धरला होता त्याचा ताण उरतो, आणि एखादे वाक्य डाव्या पानावर अगदी तळाशी होते, एवढे स्पष्ट दिसते. वाक्य आठवत नाही, त्याची जागा आठवते. वैचारिक पुस्तकाचे वेगळे असते. त्यातले पुरावे आणि आकडे गळून पडतात, युक्तिवादाचा रोख तेवढा टिकतो. म्हणून अशा पुस्तकाच्या बळावर कोणाशी वाद घालायची वेळ आली, तर मी आधी ते पुस्तक उघडते आणि मगच तोंड उघडते.

विस्मरणाचा पद्धतशीर अभ्यास करून तो १८८५ साली प्रसिद्ध केला हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. प्रयोग त्याने स्वतःवरच केले. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरांच्या याद्या तयार केल्या, त्या बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ केल्या आणि ठरावीक काळाने त्यांतले किती शिल्लक आहे ते तपासले. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि पुढे तो मंदावत जातो, हा त्याचा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. मला मात्र त्याची मोजण्याची रीत अधिक मोलाची वाटते. यादी आठवते की नाही एवढ्यावर न थांबता, तीच यादी नव्याने पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, हे तो पाहत असे. वेळ वाचला, याचा अर्थ पहिल्या पाठांतरातले काहीतरी आत टिकून होते. वाचनात याचा प्रत्यय वारंवार येतो. एखाद्या अनोळखी विषयावरचे पहिले पुस्तक अडखळत वाचलेले असते, त्यातले काहीही सांगता येणार नाही अशी खात्री झालेली असते, आणि त्याच विषयावरचे दुसरे पुस्तक हाती घेतल्यावर त्यातल्या संज्ञा, माणसे आणि वादाचे मुद्दे ओळखीचे चेहरे भेटावेत तसे भेटू लागतात. पहिले पुस्तक वाया गेले, असे मग म्हणवत नाही.

अर्थात, पुस्तक म्हणजे निरर्थक अक्षरांची यादी नव्हे, आणि जिथे अर्थ असतो तिथे स्मरण आपल्या पदरची भर घालू लागते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्लंडमधल्या वाचकांना वाचायला दिली आणि नंतर, काहींना तर कित्येक महिन्यांनी, ती आठवून लिहायला सांगितली. त्याचे निष्कर्ष त्यांच्या १९३२ सालच्या ग्रंथात आहेत. कथा आखूड होत गेली, तिच्यातला गूढ आणि अपरिचित भाग गळला किंवा वाचकांच्या ओळखीच्या साच्यात बसवला गेला. आपल्याला आठवणारे पुस्तक थोडे लेखकाचे आणि थोडे आपलेच असते, हे एकदा पटले की वाचताना टिपून ठेवणे आणि काही काळाने मूळ पुस्तकाकडे परत जाणे, या दोन्हींची गरज आपोआप पटते.

टिपण्याची माझी पद्धत साधी आहे. पेन्सिल मऊ घ्यावी, कारण कठीण शिशाची रेघ पानाच्या मागच्या बाजूला उमटते. मजकुराखाली मी रेघा ओढत नाही. समासात एक लहानशी उभी खूण करते आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठांक घालून त्यापुढे चार शब्द लिहिते. ते शब्द लेखकाचे नसावेत, माझे असावेत, एवढा एकच नियम मी पाळते. नुसती रेघ वाक्याकडे बोट दाखवते, परंतु ते वाक्य त्या दिवशी का थांबवून गेले हे सांगत नाही. माझ्याकडच्या एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर अशी नोंद आहे : “११२ – आई खोटे बोलते आहे, मुलाला ठाऊक आहे.” तिच्याखाली, कित्येक वर्षांनंतरच्या वाचनातली, बदललेल्या हस्ताक्षरातली दुसरी : “११२ – मुलाला ठाऊक आहे, हे आईलाही ठाऊक आहे.” पान उघडून पाहिले तर त्या परिच्छेदात आई बोलता बोलता घडी घातलेला कपडा उलगडते आणि पुन्हा त्याच घड्या घालते. पहिल्या वाचनात माझे लक्ष मुलाच्या चेहऱ्यावर होते, दुसऱ्या वेळी ते आईच्या हातांकडे गेले. पहिली नोंद नसती, तर मी हे पूर्वीपासून असेच वाचत आले आहे, अशी माझी ठाम समजूत झाली असती.

सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन आपल्या दुबळ्या स्मरणशक्तीबद्दल मोकळेपणाने लिहितो. एकदा वाचलेले पुस्तक नवे समजून पुन्हा हाती घेण्याची वेळ येऊ लागली, तेव्हा त्याने प्रत्येक पुस्तकाच्या अखेरीस वाचन संपल्याची तारीख आणि त्या पुस्तकाविषयीचे आपले एकंदर मत लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली. हे वाचल्यापासून मीही तारीख घालते. टिपणवहीचा मार्ग पुष्कळांना अधिक सोयीचा वाटतो आणि त्याला मोठी परंपराही आहे. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने १६८६ साली टिपणवहीची सूची कशी करावी, यावर स्वतंत्र लेखन प्रसिद्ध केले होते आणि विषयशब्दाचे पहिले अक्षर व त्यातला पहिला स्वर यांवरून नोंद शोधण्याची युक्ती त्यात दिली होती. मला मात्र पानापासून तोडलेले वाक्य पोरके वाटते. त्याच्या आधी काय होते आणि नंतर काय आले, यातच त्याचे निम्मे बळ असते. दुसऱ्याच्या किंवा ग्रंथालयाच्या पुस्तकात मात्र पेन्सिलही चालवू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या वाचकाला कोरा समास मिळण्याचा हक्क आहे. अशा पुस्तकासाठी मी कागदाची पट्टी वापरते आणि पुस्तक परत करताना ती काढून घेते.

यापेक्षाही उपयोगी पडलेली सवय म्हणजे प्रकरण संपले की पुस्तक मिटून, त्यात काय सांगितले ते स्वतःला सांगून पाहणे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पारडे फिरले आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिल्याचे दिसले. लगेच पुन्हा वाचले की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटला की तो आपल्याला येतो असे वाटू लागते. पुस्तक मिटल्यावर मात्र लपायला जागा राहत नाही. कुठे युक्तिवाद समजला आणि कुठे केवळ त्याची भाषा आवडली, हे लगेच उघड होते, आणि मग त्या नेमक्या पानापाशी परत जाता येते.

वर्षांच्या अंतराने केलेले पुनर्वाचन ही निराळी गोष्ट आहे, आणि मला सर्वांत प्रिय असलेली. मागे वळणे तसे वाचनाच्या घडणीतच आहे. ओळीवरून फिरणारा डोळा सरळ सरकत नाही, तो लहान लहान उड्या घेतो, आणि सराईत वाचकाच्या या उड्यांपैकी साधारण १० ते १५ टक्के मागच्या मजकुराकडे गेलेल्या असतात. नव्या पुस्तकांची रांग लागलेली असताना जुने पुस्तक पुन्हा काढणे कित्येकांना उधळपट्टी वाटते. मला तसे कधी वाटले नाही. पुढे काय होणार याची घाई संपल्यावरच लेखकाने ते कसे घडवून आणले, हे निवांत पाहता येते.

जे नुसत्या आनंदासाठी वाचायचे, त्याला मी खूण करत नाही, तारीखही घालत नाही आणि त्यातले काही उरले नाही तरी मला वाईट वाटत नाही. कविता मात्र टिपत बसण्याऐवजी मी पाठ करते, मोठ्याने म्हणून. तुमच्या प्रश्नाला “हो, राहते” असे उत्तर मला फक्त तिथेच देता येते. कादंबरीच्या आठवणीत मी कधी काय बदलले ते मला कळत नाही. वृत्तातल्या ओळीत एखादा शब्द माझ्या पदरचा घुसला, तर मात्रा अडखळतात आणि मला तिथेच थांबून मूळ शब्द शोधावा लागतो.