कोणाचे, किती आणि कोणत्या तारखेपर्यंतचे?

तासगाव तालुक्यातील एका गावच्या, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीत एकोणतीस वर्षे सचिव म्हणून काम करून मी २०२५ च्या मे महिन्यात निवृत्त झालो. या काळात निवडणुका पुष्कळ पाहिल्या, सभाही पुष्कळ ऐकल्या. पण प्रचारात नेते खोटे बोलतात की त्यांची भूमिका खरोखरच बदलते, हा प्रश्न मला सभेच्या मैदानावर कधी पडला नाही. तो पडला सोसायटीच्या कार्यालयात, वसुलीची यादी समोर असताना.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० तारखेला होते. ५ तारखेला कोल्हापूरच्या सभेत महायुतीने दहा आश्वासने जाहीर केली, त्यांत शेतकऱ्यांची कर्जमाफी होती. दुसऱ्याच दिवशी मुंबईत महाविकास आघाडीने तीन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीचे आणि नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजारांचे आश्वासन दिले. कोणीही निवडून आले तरी कर्ज माफ होणार, असा अर्थ गावाने काढला, तर त्यात गावाचे काय चुकले? आमच्याकडच्या एका कोपरा सभेत तर उमेदवाराने हात वर करून सांगितले की, सातबारा कोरा होणार आहे, आता सोसायटीत एक रुपयाही भरू नका. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तसे बोलणारे ते एकटे नव्हते.

‘एक रुपयाही भरू नका’ या चार शब्दांची किंमत बाहेरच्या माणसाला कळावी, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सोसायटीचे पीककर्ज वर्षाचे असते आणि बहुतेक पिकांसाठी ते ३१ मार्चपर्यंत भरावे लागते. मुदतीत भरले, तर केंद्राचे तीन टक्के आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेचे तीन टक्के मिळून तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते, सभासद थकबाकीदार होतो आणि पुढचे कर्जही अडते. म्हणूनच मार्चमध्ये लोक पाहुण्यांकडून हातउसने आणून, प्रसंगी दागिने गहाण ठेवून कर्ज नवे-जुने करतात, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलतात.

त्या हिवाळ्यात दीड एकर द्राक्षबाग असलेले एक सभासद माझ्याकडे दोन-तीनदा आले. दर वेळी त्यांचा प्रश्न एकच होता, ‘भाऊसाहेब, भरू का थांबू?’ शासन निर्णय निघून त्यात आपले खाते बसेपर्यंत माफी झाली असे समजू नका, असे मी त्यांना सांगत असे. त्यावर ते म्हणत, ‘गेल्या वेळी भरणारेच वेडे ठरले की.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. २००८ ची केंद्राची माफी, २०१७ ची राज्याची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, या तिन्ही माफ्यांची कामे माझ्या हाताखालून गेली आहेत. तिन्ही वेळी मोठा लाभ थकलेल्या खात्यांना मिळाला. नियमित फेड करणाऱ्यांना २०१७ मध्ये कमाल २५ हजार मिळाले. नंतरच्या योजनेतील ५० हजारांच्या अनुदानाची घोषणा मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात झाली आणि वाटप सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. प्रचारातील शब्दावर विश्वास ठेवणारा शेतकरी भोळा असतो, असे जे शहरात मानले जाते, ते म्हणूनच मला पटत नाही. त्याने मागचा अनुभव पाहून हिशेब केलेला असतो.

या सभासदांनीही हिशेबच केला. मार्चमध्ये पैसा लागणार नाही असे धरून त्यांनी बेदाणा न विकता भाव वाढेल या आशेने कोल्ड स्टोरेजला ठेवला. २८ मार्च २०२५ च्या शुक्रवारी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी सांगितले की, सध्याच्या परिस्थितीत माफी शक्य नाही, ३१ तारखेपर्यंत पीककर्जाचे पैसे भरा. निवडणुकीत जे सांगितले जाते ते सगळे प्रत्यक्षात येतेच असे नाही, अशा अर्थाचेही ते बोलले. रविवारी गुढीपाडवा होता आणि सोमवारी मुदत संपत होती. तेवढ्या वेळात सौदा होऊन हातात पैसा येणे शक्य नव्हते. दीड लाखावर सहा टक्क्यांप्रमाणे नऊ हजारांची सवलत त्यांनी गमावली. मंत्र्यांनी निदान स्पष्ट सांगितले, याचे श्रेय मी त्यांना देतो. पण हेच वाक्य नोव्हेंबरमध्ये बोलले गेले असते, तर बेदाणा फेब्रुवारीतच विकला गेला असता.

भूमिका बदलणे हा मी स्वतः दोष मानत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडला १९५७ मध्ये यशवंतराव चव्हाण मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य चालवून दाखवण्याची भूमिका घेऊन उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते अगदी थोड्या मतांनी निवडून आले, आणि पुढे त्यांनीच दिल्लीतील नेतृत्वाला द्वैभाषिक टिकणार नाही हे पटवून दिले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तिथे आधीची भूमिका काय होती, नंतरची काय झाली आणि मधे लोकांनी काय कौल दिला, हे सगळे उघड्यावर होते. २०१९ मध्येही साताऱ्यात उदयनराजे भोसले मे महिन्यात राष्ट्रवादीचे खासदार झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांच्याकडून हरले. २०२४ ला त्याच मतदारांनी त्यांना भाजपचे खासदार म्हणून निवडून दिले. पक्षांतर कोणाला आवडो न आवडो, मतदाराला त्यावर दोनदा बोलता आले.

कर्जमाफीच्या आश्वासनात तसे बोलताच येत नाही, कारण आश्वासन अर्धेच दिलेले असते. ‘सातबारा कोरा’ म्हणताना कोणाचा, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेची थकबाकी, हे शब्द गाळलेले असतात. प्रत्यक्ष योजनेत सगळे त्या गाळलेल्या शब्दांवरच ठरते. २०१९ च्या योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी धरली गेली आणि दोन लाखांवर थकबाकी असलेली खाती अपात्र ठरली. द्राक्षबागेचा खर्च मोठा असल्याने आमच्या भागातील कितीतरी बागायतदार त्या एका अटीत बाहेर पडले. यात कोणी भूमिका बदलली असे दाखवता येत नाही. तरीही मी याला खोटेच म्हणतो, कारण मर्यादा आणि तारीख घातल्याशिवाय तिजोरीतून माफी निघत नाही, हे माफी जाहीर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

कायदा येथे हात घालत नाही. प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे विधान केले, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार निवडणूक रद्द होऊ शकते. जाहीरनाम्यातील आश्वासन मात्र त्या कलमाखाली भ्रष्ट आचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितले आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सुचवले. त्यानुसार पक्षांनी आश्वासनामागचा विचार आणि पैशाची तजवीज ढोबळमानाने दाखवावी, असे आचारसंहितेत आले. तेवढेही आमच्या गावात कोणी कधी सांगितलेले नाही.

पुढे ऑक्टोबर २०२५ मधील शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे जाहीर केले. निदान एक तारीख मिळाली, आणि ती रस्त्यावर बसल्यावर मिळाली. मते मागताना कोणी दिली नव्हती.

त्याआधी सप्टेंबरमध्ये सोसायटीची वार्षिक सभा झाली. तेथे साधा सभासद म्हणून मी एक सूचना मांडली: यापुढे मते मागायला जो येईल, त्याने गावच्या पारावरील फळ्यावर तीन गोष्टी स्वतःच्या हाताने लिहून सही करावी. माफी कोणाला, किती रकमेपर्यंत, आणि कोणत्या तारखेच्या थकबाकीला. हे सोसायटीचे काम नाही, असे काहींचे म्हणणे पडले आणि नियमाने ते बरोबरही होते. मागच्या रांगेत बसलेले ते बागायतदार मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘भाऊसाहेब, चौथंही घाला. पैसा कुठनं आणणार ते.’