काकू, तुम्हाला भीती नाही वाटली?

आमच्याकडे उतरलेले पाहुणे रात्री जेवणं झाली की ओटीवर येऊन बसतात. समोर वाडी. पोफळींच्या दोन उंच्या बघून कुणीतरी विचारतंच, की या मोजक्याच उंच आणि बाकीच्या बुटक्या असं का? मग २०२० च्या वादळाची गोष्ट निघते. ती ऐकून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "काकू, एवढं डोळ्यांदेखत गेलं, तुम्ही शांत कशा राहिलात? भीती नाही वाटली?" मी ग्रीकांचं तत्त्वज्ञान वाचते हे कुणाच्या कानावर आलेलं असलं, तर "त्याचा खरंच काही उपयोग होतो का हो?" हेही येतं.

ओटीवर बसून उत्तर अर्धवटच दिलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

भीती वाटली. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं, तेव्हा घरात मी आणि सासूबाई दोघीच. हे टाळेबंदीत मुंबईला अडकलेले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाईल हे आधीच कळवलं होतं, त्यामुळे गुरं सोडून ठेवली होती, दारं-खिडक्या आतून बांधल्या होत्या. आम्ही माजघरात भिंतीला टेकून बसलो. वरून कौलं जायला लागली. पोफळ लवचीक झाड, वाऱ्याबरोबर पार कमानीसारखी वाकते, आणि मग मध्येच काडकन मोडते. पहिले आवाज मी मोजत होते. मग मोजता येईनात. सासूबाईंनी पाणी मागितलं. तांब्या उचलून भांड्यात ओतायला गेले तर निम्मं पाणी जमिनीवर, इतके हात थरथरत होते. जीभ टाळूला चिकटलेली.

बी.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान होता. स्टोइक म्हणजे ग्रीकांमधला तत्त्वज्ञांचा एक पंथ. त्यांच्यावर परीक्षेत पंधरा मार्कांचं टिपण लिहून मी ते विसरून गेले होते. त्यांच्यातली एक गोष्ट मात्र मला त्या वादळानंतर पुन्हा वाचताना सापडली आणि ती मी कधी सोडली नाही.

ऑलस जेलियस नावाचा एक रोमन लेखक होता, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. ग्रीसकडून इटलीतल्या ब्रिंडिझीला गलबतातून येताना त्याला आयोनियन समुद्रात रात्रभर वादळ लागलं. गलबतात पाणी भरलं. त्याच गलबतावर एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता. जेलियस त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, हा माणूस कसा वागतो ते बघायला. तर त्याचाही चेहरा पांढराफटक पडलेला. रडणं-ओरडणं नव्हतं एवढंच. वादळ निवल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला, की मी काही घाबरलो नाही, तू तत्त्वज्ञ असून कसा घाबरलास? जेलियसने मात्र नंतर आदराने तेच विचारलं, तेव्हा त्या तत्त्वज्ञाने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, की आभाळ गडगडलं, काही कोसळलं, तर शहाण्या माणसाचंही मन क्षणभर हलतं, रंग उडतो. ते त्याच्या हातात नाही. मनावर जो ठसा उमटला त्याला तो रुकार देत नाही, एवढाच त्याच्यात आणि इतरांत फरक.

(एपिक्टेटसच्या प्रवचनांचे आज चारच भाग उरलेत. तो पाचवा हरवला. हा मजकूर तेवढा टिकला, तो या वादळाच्या गोष्टीमुळे.)

रुकार हा शब्द मी मुद्दाम वापरते, आपल्याकडच्या लग्नाच्या बोलणीतला. स्थळ दारात येतं, ते येणं आपण थांबवू शकत नाही. त्याला बसायला पाट द्यावा, पाणी द्यावं. रुकार द्यायचा की नाही ते घरच्यांनी ठरवायचं. भीतीचं तसंच आहे. थरथरणारे हात म्हणजे दारात आलेलं स्थळ. मी त्यांना हाकलत नाही.

आता दुसऱ्या दिवशीचं. सकाळी मागचं दार उघडलं आणि एवढा उजेड आत आला की मला वाटलं दार चुकलं. आमच्या वाडीत भर दुपारीही सावली असायची. बावीस गुंठ्यांतल्या तीनशे दहा पोफळींपैकी एकसष्ट उभ्या होत्या. जायफळाचं मोठं झाड मुळासकट आडवं. मनात पहिलं वाक्य उमटलं ते असं: सगळं संपलं.

एपिक्टेटस आपल्या विद्यार्थ्यांकडून एक सराव करून घ्यायचा. जहाज बुडालं. काय झालं? जहाज बुडालं. एवढंच. "वाटोळं झालं" हे पुढचं आपण आपल्या पदरचं जोडतो. ऐकायला हे निष्ठुर वाटतं. हा माणूस जन्माने गुलाम, एका पायाने अधू, पुढे तत्त्वज्ञ म्हणून रोममधून हद्दपार झालेला. बंगल्यात बसून दिलेला उपदेश नाही तो, म्हणून सेनेका या श्रीमंत रोमन स्टोइकाच्या सुंदर पत्रांपेक्षा मला हाच जवळचा वाटतो. तेव्हा वाडीत उभं राहून मला हा सराव आठवला असं मी म्हणणार नाही. मला काहीच आठवलं नाही. ते मला सासूबाईंनी करून दाखवलं.

ऐंशी वर्षांची बाई. तिने लग्न होऊन आल्यावर लावलेली झाडं होती ती. थोडा वेळ दारात उभी राहिली, डोळे पुसले, आणि आत जाऊन कोयती घेऊन आली. पडलेल्या पोफळीवर बसली आणि त्या पोफळीवर चढलेली मिरवेल हलक्या हाताने सोडवायला लागली. वेल जिवंत होती. दोन-तीन पेरांचे तुकडे करून ती ओल्या गोणपाटावर ओळीने मांडत होती. "पाऊस लागतोच आहे, आत्ता लावले तर जगतील," म्हणाली. "पांगाऱ्याच्या फांद्या आण." तिने स्टोइकांचं नावही ऐकलेलं नव्हतं. "पोफळी पडल्या" एवढ्याला तिने रुकार दिला होता. "संपलं"ला दिला नव्हता.

लोकांना वाटतं शांत राहणं म्हणजे होईल ते होऊ देणं. मला हे अगदी पटत नाही. स्टोइक म्हणतात, आपलं मत, आपली इच्छा आणि आपला प्रयत्न आपल्या हातात. शरीर, मालमत्ता, लोकांचं बोलणं नाही. मग हातात आहे त्यात कसूर नको. वीज तीन आठवडे नव्हती. पंचनाम्यासाठी मी सात खेपा घातल्या, कारण कागदावर हिशेब हेक्टरात आणि आमची वाडी गुंठ्यांत. प्रत्येक खेपेला झाडांची यादी बरोबर. पैसे किती मिळतील ते माझ्या हातात नव्हतं, यादी बिनचूक असणं होतं. पोफळीची रोपं लगेच लावून उपयोग नव्हता, कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही. म्हणून आधी केळी लावल्या, त्यांची सावली पडल्यावर रोपं घातली.

एका बाबतीत मी एपिक्टेटसचं ऐकलं नाही. तो म्हणतो, मुलाचा मुका घेताना मनात म्हणावं की हा मर्त्य आहे. मी प्रयत्न केला, जमलं नाही, आणि जमावं असं वाटेनासं झालं. २०२३ मध्ये सासूबाई गेल्या तेव्हा मी मोठमोठ्याने रडले. सेनेकाने आपल्या एका जिवलग मित्रासाठी आपण फार रडलो हे पत्रात लिहून ठेवलंय. त्या पानापुरता तो मला फार आवडतो.

अजूनही मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा म्हटलं की माझे हात गार पडतात. मग मी कौलं बघून घेते, कंदिलाची वात कापते, झाडांची यादी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवते. तोवर हात गारच असतात.

सासूबाईंनी त्या दिवशी लावलेल्या तुकड्यांपैकी नऊ जगले. पांगाऱ्यांवर आता माझ्या डोक्याच्या वर गेलेत. यंदा त्यांची सव्वा किलो सुकी मिरी निघाली. पाहुण्यांना सकाळी नाश्त्याला जे घावन देते, त्याच्या चटणीत तीच असते.