अकरा टक्क्यांवर अडकलेली डिस्क-तपासणी

डिस्कची तपासणी रेंगाळली की कुणी बटण दाबून मशीन बंद करतं, कुणी 'होईल कधीतरी' म्हणून सोडून देतं. त्याआधी एकच गोष्ट बघा: काम मोठं आहे म्हणून वेळ लागतोय, की डिस्ककडून उत्तरच येत नाहीये?

मिरजेत माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांच्या फोटोंचा सगळा साठा डेबियन लिनक्सच्या जुन्या मशीनवर, 2 टीबीच्या डिस्कवर, ईएक्सटी3 या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीत). वीज गेली, यूपीएसनं दगा दिला आणि ई2एफएससीके हे फाइल सिस्टिम तपासणारं साधन पहिल्याच फेरीत अकरा टक्क्यांवर अडकलं. "दादा, रात्रीपासून तिथंच आहे. बंद करून परत लावू का?" म्हटलं, "हात लावू नकोस, मी येतो." लोकांच्या लग्नांचे फोटो आहेत ते, पुन्हा काढता येत नाहीत.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि तपासणीला 'एन' पर्याय लावला. त्यात डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, त्यामुळे मध्येच थांबवायची भीती नाही. शेजारच्या टर्मिनलवर डीमेसेज, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी आज्ञा. तिथं पुन:पुन्हा तेच: सीआरसी चूक (डेटा वाटेत बिघडल्याची खूण), मग 'हार्ड रीसेटिंग लिंक' (डिस्कशी जोडणी नव्यानं सुरू), आणि थोड्या वेळानं साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, वेग 1.5 गिगाबिटवर उतरवल्याची ओळ. डिस्कचं काम मोजणाऱ्या आयओस्टॅटमध्ये डिस्क शंभर टक्के व्यस्त, पण वाचन जवळजवळ शून्य.

मग स्मार्टसीटीएल, डिस्कनं स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी दाखवणारी आज्ञा. खरा निवाडा इथं होतो. 197 क्रमांकाची नोंद, म्हणजे वाचता न येणारे, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर: शून्य. 199 क्रमांकाची, म्हणजे केबलवरून येताना बिघडलेला डेटा: भलामोठा आकडा, आणि डोळ्यांदेखत वाढतोय. डिस्क धडधाकट, केबल खराब. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही, तो वाढायचा थांबला की समजायचं. थांबला.

उलटं असतं, 197 वाढत असता, तर तपासणी तिथंच सोडून आधी डीडीरेस्क्यूनं दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली असती. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

केबल बदलल्यावर तपासणी नीट पूर्ण झाली, तरी वेळ बराच लागला. तो मात्र ईएक्सटी3 चा स्वभाव. नेहमीच्या मांडणीत दर 16 केबीमागे एक आयनोड (एका फाइलची माहिती ठेवणारी नोंद), म्हणजे 2 टीबीत सुमारे 12 कोटी 20 लाख. प्रत्येकी 256 बाइट धरले तर 31 जीबीचे तक्ते, आणि ते रिकामे असले तरी ईएक्सटी3 मध्ये पहिल्या फेरीत सगळे वाचावे लागतात. ईएक्सटी4 न वापरलेला भाग सोडून देतं, त्यामुळे फरक डोळ्यांत भरतो.

म्हणून फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून ही डिस्क ईएक्सटी4 केली, 'लार्जफाइल' पर्याय देऊन. दर 1 एमबीला एक आयनोड, एकूण साधारण 19 लाख, तक्ते अर्ध्या जीबीत. कॅमेऱ्याच्या मोठ्या रॉ फायलींना एवढे भरपूर होतात. थंबनेलच्या बारक्या फायली मात्र वेगळ्या पार्टिशनवर ठेवायला लावल्या, कारण या मांडणीत जागा शिल्लक असूनही आयनोड संपू शकतात, आणि ते जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' आज्ञेला 'आय' जोडून बघितल्याशिवाय कळत नाही.