शंभर फुटांच्या पलीकडे

अमेरिकेत राजकारणावर मनापासून बोलणं मला जमलं ते मतदान केंद्रामुळे. ऑफिसात हा विषय कुणी काढत नाही. शेजाऱ्यांत निघालाच तर लगेच हवापाण्याकडे वळवला जातो. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधी तर घरोघरी ताकीद असते, आज राजकारण नको. मतदान केंद्रात मात्र सरळ बंदीच. ओहायोत दारापासून शंभर फुटांवर दोन छोटे झेंडे लावतात, त्यांच्या आत प्रचाराची टोपी नाही, टी-शर्ट नाही, बिल्ला नाही. टेबलामागे निवडणुकीच्या कामाला बसलेल्या आम्ही तर त्या विषयावर तोंडसुद्धा उघडायचं नाही.

पण रात्री साडेसातला दार बंद होतं, सह्या आणि मतं यांचा हिशोब जुळतो, सील लागतात, आणि मग मतांचं सामान कौंटीच्या निवडणूक कार्यालयात पोचवायचं असतं. ते एकट्यानं न्यायचं नाही असा नियम आहे. सोबतीला दुसऱ्या पक्षाचं माणूस हवंच. मी डेमोक्रॅट, माझ्या जोडीला असतात त्या बाई रिपब्लिकन, दोघी एका गाडीत. आमची सगळी बोलणी त्या गाडीत सुरू झाली आणि आता अधूनमधून कॉफीला भेटूनही चालतात.

त्यांचं नाव लिहीत नाही. वय सत्तरीच्या आसपास, इथेच ओहायोत, यंग्सटाउनमध्ये जन्मल्या आणि वाढल्या. ट्रम्प हरले ती २०२०ची निवडणूक चोरली गेली असं त्या मानतात. हे त्यांनी मला स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत सांगितलं आणि मला पोटात गोळा आला, कारण मागच्या सीटवर आम्ही दोघींनी सह्या केलेलं सामान होतं. मी विचारलं, "मग आज आपण जे केलं त्याचं काय?"

"आपलं बरोबरच आहे. तू माझ्या शेजारी बसली होतीस, मी तुझ्या शेजारी. फिलाडेल्फियात कोण बसलं होतं, मला काय माहीत?"

या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार करते आहे. फिलाडेल्फियातही अशीच माणसं बसली होती. जॉर्जियातही. अटलांटात मतमोजणीला बसलेल्या रूबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकींवर ट्रम्पचे वकील रूडी जुलियानींनी नाव घेऊन खोटे आरोप केले, त्यांना इतक्या धमक्या आल्या की आईला घर सोडावं लागलं. डिसेंबर २०२३मध्ये ज्यूरीनं त्यांना १४.८ कोटी डॉलर भरपाई देवविली. हे मी बाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं." त्यांचं मत बदललं असा माझा दावा नाही. पण त्या दोघी त्यांच्या लेखी आता टीव्हीवरचे चेहरे उरल्या नाहीत, आमच्यासारख्या टेबलामागे बसणाऱ्या बायका झाल्या, आणि मला तेवढंही मोठं वाटतं.

त्यांच्या मताची मुळं मात्र २०२०च्या पुष्कळ मागे आहेत. त्यांचे वडील कॅम्पबेल वर्क्समध्ये कामाला होते, यंग्सटाउन शीट अँड ट्यूबचा पोलाद कारखाना. १९ सप्टेंबर १९७७ या दिवशी कंपनीनं तो बंद करायचं जाहीर केलं. सोमवार होता. इथले लोक अजूनही त्याला 'ब्लॅक मंडे' म्हणतात आणि तारीख न बघता सांगतात. सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. वडील डबा घेऊन कामावर गेले होते, तो डबा तसाच भरलेला घरी आला आणि आईनं तो रात्री न बोलता सगळ्यांना वाढला, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा गाडी कधीची कार्यालयासमोर उभी होती. १९३०मध्ये या गावात एक लाख सत्तर हजार माणसं राहत होती. २०२०च्या जनगणनेत साठ हजार उरली.

हे कुटुंब पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट. मग १९९४मध्ये नाफ्टा, म्हणजे कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा मुक्त व्यापार करार, लागू झाला, तो लागू करणाऱ्या कायद्यावर सही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची. बाईंचा हिशोब तिथून सुरू होतो. जुलै २०१७मध्ये ट्रम्प यंग्सटाउनला आले आणि नोकऱ्या परत येताहेत, घरं विकू नका, असं भर सभेत म्हणाले. पुढं मार्च २०१९मध्ये जवळच्या लॉर्ड्सटाउनमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून शेवटची शेव्हरोले क्रूझ बाहेर पडली आणि तोही बंद झाला. मी हेच विचारलं. शब्द पाळला गेला नाही, तरी मत त्यांनाच कसं?

त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं जो तो येऊन सांगायचा, नवीन काहीतरी शिका. आमच्यावर अन्याय झाला असं बोलणारा तो पहिला."

माझं मत यानं बदललं नाही. खोटी आशा दाखवणं हा माझ्या लेखी दुसरा अन्याय आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण १९७२नंतर कुठल्याही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला न निवडणारी आमची, यंग्सटाउनची, माहोनिंग कौंटी २०२०मध्ये ट्रम्पकडे का गेली, हे मला इतक्या वर्षांच्या बातम्यांनी समजलं नव्हतं.

त्यांनाही मला प्रश्न विचारायचे होते. "तू रीतसर आलीस ना? मग बाकीच्यांना रांगेत उभं राहायला काय होतं?" मी रांग म्हणजे काय ते सांगितलं. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. आइसलँडला तेवढाच, भारतालाही तेवढाच. आज अर्ज करणाऱ्या भारतीय इंजिनिअरचा नंबर त्याच्या हयातीत लागेल याची खात्री नाही. सप्टेंबर २०२५पासून परदेशातून आणायच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या नव्या कामगारामागे कंपनीनं एक लाख डॉलर भरायचे, असाही हुकूम निघाला. त्यांना वाटायचं, अर्ज भरला, परीक्षा दिली, झालं. "आणि ज्यांच्यासाठी रांगच नाही, ते?" हे त्यांनी स्वतःहून विचारलं.

बंदुकीवर आमचं जमत नाही. त्या पिस्तूल बाळगतात. मे २०२२मध्ये टेक्ससच्या युव्हाल्डीत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, आणि महिन्याभराच्या आत ओहायोत परवान्याशिवाय लपवून पिस्तूल बाळगायचा कायदा लागू झाला. त्या गावाबाहेर एकट्या राहतात, शेरीफची गाडी यायला अर्धा तास लागतो, हे त्यांचं कारण. मला कारण समजतं, कायदा पटत नाही. तो विषय आम्ही तिथेच ठेवतो.

गर्भपाताबद्दल मात्र त्यांनी मला चकित केलं. २४ जून २०२२ला सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क देणारा १९७३चा रो विरुद्ध वेड निकाल रद्द केला आणि त्याच दिवशी ओहायोत साधारण सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी लागू झाली. न्यायालयानं सप्टेंबरात ती थांबवली. नोव्हेंबर २०२३मध्ये गर्भपाताचा हक्क ओहायोच्या राज्यघटनेत घालायचा प्रश्न मतदानाला आला आणि सुमारे ५७ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. वर्षभरानं याच राज्यानं ट्रम्पना अकरा टक्क्यांच्या फरकानं निवडलं. ही दोन्ही मतं देणारी एक व्यक्ती माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होती. तरुणपणी त्यांचा गर्भ पोटातच गेला होता, रक्तस्राव थांबत नव्हता. "तेव्हा डॉक्टरनं आधी वकिलाला फोन लावला असता तर मी आज इथे नसते. चर्चमध्ये मी हे कुणाला सांगितलेलं नाही." मला सांगता आलं, कारण मी त्यांच्या चर्चमध्ये जात नाही. आपल्या गोटात जे बोलता येत नाही ते कधीकधी दुसऱ्या गोटातल्या माणसाला सांगता येतं.

आता आपल्या मराठी मंडळींबद्दल, कारण हे मला खुपतं. गणपतीच्या आरतीनंतर ताटं हातात घेऊन भारतातल्या निवडणुकीवर आवाज चढतात, आमदारांची नावं मतदारसंघासकट तोंडपाठ असतात. पण आपल्या शाळा मंडळावर कोण निवडून आलं, हे विचारलं की शांतता. ओहायोत शाळेचा बराच पैसा घरपट्टीतून येतो आणि जादा पट्टीला मतदारांची मंजुरी लागते. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं १९९७मध्ये ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तरी ती बरीचशी तशीच चालू आहे. म्हणजे आपल्या मुलांच्या वर्गात संगीताचा शिक्षक राहणार की नाही, हे आपल्या मतावर ठरतं. व्हिसावर असलेल्यांनी जपून बोलावं, सध्याच्या वातावरणात तर जास्तच, त्यांना मी काही म्हणत नाही. पण हातात अमेरिकेचा निळा पासपोर्ट असलेल्या काका-मावशींनीही "आपल्याला काय करायचंय" म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

३ नोव्हेंबर २०२६ला मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मध्याला होणारी, निवडणूक आहे. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, शिवाय ओहायोत गव्हर्नर आणि सिनेटची एक जागा. कौंट्यांना मतदान केंद्रावर बसायला माणसं हवी असतात, प्रशिक्षण तेच देतात, दिवसाचे पैसेही मिळतात. ओहायोत नोंदलेले मतदार असाल तर अर्ज करा. मूल सतरा वर्षांचं असून हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असेल, तर त्यालाही बसता येतं. अर्ज भरताना पक्ष विचारतील, तो खरा सांगा, कारण शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या पक्षाचं माणूस बसवायचं असतं. आमच्या केंद्रावर दोन खुर्च्या अजून रिकाम्या आहेत, एक डेमोक्रॅट हवा आणि एक रिपब्लिकन.